माशीमाराची लेक

आमच्या गावात दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना होते आणि मी ती चुकवत नाही. एवढ्यावरून मी फार भाविक बाई आहे असं कुणाला वाटलं असेल, तर तसं काही नाही, बाप्पा. मी तिथं एका माणसासाठी जाते. त्या माणसाचं भलं व्हावं म्हणून तर मुळीच नाही.

गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाहून फार लांब नाही. मारुतीच्या देवळापुढं फरशीचं आवार आहे. संध्याकाळी तिथं सतरंज्या पडतात, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया. आधी मौन, मग प्रार्थना, आणि शेवटी कबुली. मौन आणि प्रार्थना बाकीच्या गावांतही असते. कबुली आमच्याच गावची, आणि ती कुणी सुरू केली हे आता कुणाला धड सांगता येत नाही. ज्याच्या हातून काही चुकलं असेल त्यानं उठून उभं राहायचं, चार शब्दांत सांगायचं. प्रार्थना चालवणारा माणूस पुढं बसलेला असतो, तो म्हणतो, "झालं. बस." तेवढ्यावर ते मिटलं. त्याच्यावर पुन्हा गावात कुणी बोलायचं नाही. "सासूले उलटून बोलली." झालं, बस. "रागाच्या भरात बैलाले लय मारलं." झालं, बस. "उपास होता अन् चिवडा खाल्ला." बाया पदरात तोंड घालून हसतात, पण तेही झालं, बस.

याला एक नियम आहे. तिथं आपलं बोलायचं, दुसऱ्याचं नाही. अमक्यानं माझ्या तुरीच्या शेंगा तोडल्या, तमकीनं माझ्या दारात राख टाकली, हे चालत नाही. नियम चांगलाच आहे. तो नसता तर प्रार्थनेचा बाजार व्हायला वेळ लागला नसता. पण याच चांगल्या नियमानं माझ्या बापाचा गळा धरला.

प्रार्थना चालवायचे आबा. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. मनातल्या मनात शिव्या घालतानाही तोंडात आबाच येतं, काय करता! पांढरा सदरा, कपाळाला गंध, आवाज असा भारदस्त की वीज गेली तरी माइकची आठवण व्हायची नाही. आज्ञा पाळणं म्हणजे काय, पश्चात्ताप म्हणजे काय, हे ते इतकं गोड सांगायचे की माणसाला आपण काहीतरी पाप केलंच असावं असं वाटायला लागायचं. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, मधे एक धुरा, म्हणजे बांध. माझे बाबा त्यांच्याहून थोडे लहान. ते आबांना दादा म्हणायचे आणि त्यांच्यापुढं कधी मान वर करून बोलायचे नाहीत.

आमच्या शिवारात काही घरं कांद्याचं बी करतात. खायचा कांदा वेगळा, हा वेगळा. आख्खा कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला दांडा येतो, दांड्यावर पांढरा गोंडा फुलतो आणि त्या गोंड्यात काळं बी भरतं. पण भरतं ते मोहोळाच्या माशांच्या जिवावर. माशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर गेली नाही, तर गोंडा नुसता बघायला सुंदर, आत काही नाही. म्हणून कांदा फुलावर आला की कांद्यावर कुणीही औषध फवारायचं नाही, असं बी करणाऱ्या सगळ्या घरांनी प्रार्थनेत हात वर करून कबूल केलं होतं. वदवून घेतलं होतं आबांनीच. "जो हे मोडीन, तो इथं सगळ्यांपुढं उभा राहीन," असं त्यांनी म्हटलं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. बाबांनीही हात वर केला होता. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं, आणि बाबांच्या हाताकडं बघून मला उगाच अभिमान वाटला होता.

त्या वर्षी कांद्यावर बारीक कीड फार पडली. आबांचा कांदा आमच्या आधी फुलावर आला होता आणि त्यांची पात पांढरी पडत चालली होती. एका दुपारी ते आमच्या गोठ्याशी आले. बाबा मेहकरला गेले होते, आणि आई मी शाळेत असतानाच वारलेली, त्यामुळे घरी मी एकटीच होते.

"पोरी, तुमचा पंप दे बरं. माहा बिघडला. हरभऱ्यावर अळी पडली."

हरभऱ्यावर फवारायला कुणाची ना नव्हती. पाठीवरचा फवारणीचा पंप खुंटीला होता, तो मी माझ्या हातानं काढून दिला. पट्ट्यावर धूळ बसली होती, आबांचा पांढरा सदरा मळेल म्हणून ओढणीनं पुसूनही दिला! संध्याकाळी त्यांनी पंप आणून गोठ्यात ठेवला. धुतला नव्हता. बाबा आल्यावर मी सांगितलं, आबांनी पंप नेला होता. बाबा म्हणाले, "बरं केलं दिला."

धुऱ्यावरच्या उंबराला मोहोळ होतं, दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली माशांचा सडा पडला होता. वावरात जाऊन बघावं तर काही माशा गोंड्यांना धरूनच मेल्या होत्या. सगळं शिवार गोळा झालं. कुणीतरी म्हणालं, ज्याचा त्याचा पंप बघा. माणसं घरोघर फिरत आमच्या गोठ्यात आली, आणि आमच्या पंपाला तो वास. हरभऱ्याच्या अळीचं औषध वेगळं आणि हे वेगळं, वासावरून कुणालाही कळत होतं. आबा त्या माणसांत सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी पंपाचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला, आणि बाबांकडं बघून म्हणाले, "काय केलं बाप्पा तू हे?"

हे वाक्य मी आजवर विसरले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. बाबा त्यांच्याकडं नुसते बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, दादा आत्ता बोलतील. हसतील, म्हणतील, अरे हा तर मीच नेला होता. दादा बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी आवार गच्च भरलं होतं. कबुलीची वेळ झाली तशा सगळ्यांच्या माना बाबांकडं वळल्या. माझ्यानं राहवलं नाही. मी बायांतून उठून उभी राहिले आणि म्हणाले, "पंप काल आबांनी नेला होता. मी दिला."

आबांनी आवाजही चढवला नाही. "पोरी, इथं दुसऱ्याचं बोलायचं नसते. तुह्यं काही असंल तर बोल. नसंल तर बस."

शेजारच्या बाईनं माझा हात धरून मला खाली ओढलं. मागून कुणीतरी म्हणालं, बापाले वाचवून राह्यली. मग बाबा उठले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याचं बोलायला बंदी होती, म्हणून त्यांनी जेवढं खरं होतं तेवढंच सांगितलं. "माह्या पंपातून औषध गेलं. माशा मेल्या. माफी असावी."

"झालं," आबा म्हणाले. "बस."

घरी येताना मी रडत, ओरडत आले. काऊन बोलले नाई तुमी? बाबा म्हणाले, "तो बोलीन. त्याच्या तोंडातून आलं पाह्यजे. थोडा वेळ दे त्याले."

वेळ! मेल्यानं किती वेळ घ्यावा याला काही हिशोब? पुढच्याच आठवड्यात त्यांचा गडी त्यांच्या हरभऱ्यावर फवारताना मी धुऱ्यावरून पाहिला. पाठीवर त्यांचाच पंप. धडधाकट, फुसफुस आवाज करत चाललेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंप बिघडला नव्हताच. फुलोऱ्यात फवारायचं होतं, उद्या वास कुठल्या पंपाला येईल हे आधी ठरवायचं होतं, म्हणून आमचा नेला. घाईत, भीतीपोटी माणसाच्या हातून एक चूक होते, ती मी समजू शकते. हे मात्र त्यांनी शांत डोक्यानं केलं होतं. त्यांना मी माफ करत नाही ते माशांसाठी नाही, पंपासाठी.

त्या वर्षी शिवारात कुणाच्याच गोंड्यात बी भरलं नाही. गोंडा तळहातावर चोळला की नुसता भुसा. आणि 'झालं, बस' झाल्यावर पुन्हा बोलायचं नाही हा नियम आमच्या घरापुरता गावानं गुंडाळून ठेवला. बाबांना नाव पडलं, माशीमार. आधी पोट्टे म्हणायचे, मग मोठी माणसं पाठीमागं, मग तोंडावर. माशीमाराचं घर, माशीमाराची गाय. माझं लग्न गावातच जमलं, दोन गल्ल्या पलीकडं. बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाची पोरगी म्हणता?" आणि दारात उभ्या असलेल्या कुणीतरी सहज सांगितलं, "माशीमाराची लेक हाये." बाबा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं आणि पाहुण्यांना पाणी दिलं.

एवढं होऊन बाबा प्रार्थनेला जायचे थांबले नाहीत. चपला काढतात तिथं, अगदी मागं बसायचे. कबुलीची वेळ झाली की ते मान वर करून आबांकडं बघायचे. रोज. आज बोलेल, आज बोलेल. कबुली संपली की मान खाली. मी बायांमधून हे बघायची. सगळे डोळे मिटून मौन धरायचे तेव्हा मी डोळे उघडे ठेवून आबांकडं बघायची आणि मनात म्हणायची, तुमच्या विहिरीचं पाणी आटो. तुमच्या कोठीत किडे पडोत. तुमच्या तोंडाची चव जावो. सांगायला लाज वाटत नाही, माझी प्रार्थना इतकीच होती आणि ती मी कुणाहीपेक्षा मनापासून करायची.

वर्षं गेली. आबांचं काहीही वाकडं झालं नाही. विहिरीला पाणी, कोठीत धान्य, पुढच्या बैठकीवर मान. बाबा मात्र थकले. काठी आली. आणि एक दिवस माझी मुलगी शाळेतून रडत घरी आली. वर्गातली पोट्टी तिला माशीमाराची नात म्हणत होती. ज्या पोरांचे बाप त्या वर्षी स्वतः शेंबडे होते, ती पोरं! मी तिचं तोंड धुतलं, भाकर वाढली आणि चुलीपुढं बसून राहिले. बाबा हेच नाव घेऊन जाणार आणि ते माझ्या लेकीच्या गळ्यात पडणार. दुसऱ्याचं बोलायचं नाही. बरं. आपलं तर बोलता येतं ना? मग माझं आहे की! रोजचं आहे, ताजं आहे.

त्या संध्याकाळी कबुलीच्या वेळी मी उठले. "मी रोज इथं बसून एका माणसाचं वाईट चिंतते. आजही चिंतलं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं 'झालं, बस' जरा उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उठले. "आजही चिंतलं." तिसऱ्या दिवशीही. तेव्हा एका बाईला धीर निघाला नाही. "कोणाचं वं?"

"दुसऱ्याचं नाव घ्यायचं नसते ना इथं," मी म्हणाले आणि खाली बसले.

आबा एकदा म्हणाले, "पोरी, हे असं रोज रोज बरं नाई."

"चूक रोज होऊन राह्यली, आबा. चूक उद्यावर ठेवू नये, हे तुमीच शिकवलं."

पुरुषांत कुणीतरी फिसकन हसलं. मला खाली बसवणारा नियम त्यांनीच ऐकवला होता, आणि आता तो माझ्या हातात होता. मला त्या दिवशी भाकर इतकी गोड लागली की विचारू नका.

मग गावात वेगळीच गंमत सुरू झाली. मी शापते तो माणूस म्हणजे आपणच, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. शेजारीण भर सकाळी आली, म्हणाली, तुझी कोंबडी माह्या कुडाखाली अंडी घालत होती, मी सांगितलं नाई, आता काढून टाक मनातून. चुलतसासूनं माझ्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड पदराखाली झाकून आणून दिला. एक जण माझ्या नवऱ्याला गाठून म्हणाला, पोळ्याले तुमच्या बैलाचं बाशिंग मीच लपवलं होतं, वहिनीले सांगा, आपल्याले तळतळाट नको. नवरा माझ्यावर वैतागला. "काय चाललं वं तुह्यं? गाव भिऊन राह्यलं." मी म्हणाले, भिऊ द्या. मी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना सांगितलं, तुमी नाई. ते हुश्श करून जायचे आणि मग एकमेकांत विचारायचे, मग कोण? आणि कुणाला तरी आठवायचं की ही पोरगी खूप वर्षांपूर्वी एकदा अशीच उभी राहिली होती, तेव्हा काय म्हणाली होती?

आबा तेवढे आले नाहीत. पण प्रार्थनेत त्यांचा आवाज अडखळायला लागला. रोजची ओळ विसरायची आणि बायांना पुढं म्हणावी लागायची. लोक आधी त्यांच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. बाबा मागून बघत होतेच.

शेवटी एका दुपारी आबा माझ्या दारात आले. नवरा वावरात होता. मी बसा म्हणाले नाही.

"पोरी, बंद कर आता हे."

"काय बंद करू?"

"तुले माहीत हाये."

"मले माहीत हाये, तुमालेबी माहीत हाये. गावाले माहीत नाई. तेवढं करा, मी बंद करते."

"म्हातारा झालो मी. लोक काय म्हणतीन मले?"

"माह्या बापाले जे म्हणतात ते म्हणतीन."

ते उंबऱ्याशी टेकले. म्हणाले, लोकांचा माह्यावर विश्वास हाये, मी असं बोललो तर गावाची प्रार्थना मोडीन. मी म्हणाले, प्रार्थना मोडत नाई आबा, तुमी मोडसान. आणि नुसतं 'फवारलं' म्हणून चालणार नाही, हेही मी तिथंच सांगून टाकलं. "पंपाचंबी बोलायचं. चांगला पंप घरी ठेवून आमचा काऊन नेला, ते." त्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं. मला ते कळलेलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तोंड असं पांढरं पडलं म्हणता! मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी ते उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "कळत नकळत माह्या हातून कोणाचं मन दुखलं असंल, कोणाचं काही चुकलं असंल, तर गावानं पदरात घ्यावं." बायांनी डोळ्याला पदर लावले. काय माणूस आहे, म्हणाले लोक, एवढा मोठा असून हात जोडतो! मी ते सगळं होऊ दिलं. लोकांचे डोळे पुसून झाल्यावर उठले.

"आजही चिंतलं," मी म्हणाले.

त्या दिवशी 'झालं, बस' कुणी म्हणालंच नाही, मी आपली मीच बसले.

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या जागेवर बसलेच नाहीत. प्रार्थना कशीबशी झाली आणि कबुलीला ते पुरुषांच्या रांगेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चेहरा घामानं डबडबला होता. "त्या वर्षी फुलोऱ्यात औषध मी फवारलं," ते म्हणाले. "माशा मी मारल्या. यानं नाई." आणि मागं बसलेल्या बाबांकडं हात केला. मी गुडघ्यांवर उठून बसले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला रडू येत होतं आणि मी ते दाबत होते, कारण अजून अर्धं बाकी होतं.

"अन् पंप," आबा म्हणाले आणि त्यांनी श्वास घेतला. "पंप मी..."

"झालं, दादा," मागून आवाज आला. "बस."

बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले होते. पुन्हा म्हणाले, "झालं. बस आता."

आणि आबा बसले. लगेच बसले! रांगेतून सुस्कारे निघाले, कुणी देवाचं नाव घेतलं, बाया माझ्या बापाच्या पाया पडायला धावल्या. मी तिथंच गुडघ्यांवर. माझ्या तोंडचा घास माझ्याच बापानं काढून घेतला होता.

घरी जाताना मी त्यांना सोडलं नाही. "काऊन थांबवलं? त्यानं मुद्दाम आपला पंप नेला, त्याचा धडधाकट होता!"

"मले माहीत हाये," बाबा म्हणाले.

मी रस्त्यातच उभी राहिले. "कधीपासून?"

"मले काय दिसत नव्हतं का त्याचा गडी? म्हणूनच थांबवलं. फवारलं म्हणाला, लोक दोन दिवस बोलतीन. पंपाचं बोलला असता तर गावानं त्याले उभं राहू दिलं नसतं."

"तुमाले दिलं का?"

"मले दिलं नाई म्हणूनच म्हणतो."

काय बोलणार अशा माणसापुढं? लोक म्हणतात मोठं मन. मला बापाचा हा मोठेपणा तेव्हाही पचला नाही आणि आजही पचत नाही. ज्याला नाव पडलं तो माफ करून मोकळा झाला. ज्यांनी ते नाव ऐकत पोळ्या लाटल्या, लेकरं वाढवली, त्यांना कुणी विचारलं का?

नाव मात्र गेलं, ते कबूल करते. गाव लाजलं. लोक बाबांना पुन्हा भाऊ म्हणायला लागले, हाताला धरून पुढच्या सतरंजीवर बसवायला लागले. आबांनी प्रार्थनेला यायचं सोडलं. एक निवृत्त मास्तर प्रार्थना चालवायला लागले. आबांच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं कमी झाली, मग येईनाशी झाली. मी त्यांच्या गल्लीतून मुद्दाम जायची, बघायला.

बाबांचं शेवटचं दुखणं सुरू झालं तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. "दादा प्रार्थनेले येत नाई म्हणतात. माणूस एकटा पडला का संपते. तू बोलवून आणजो त्याले. रोज आणजो. मले शब्द दे."

मी शब्द दिला. बापाचा शब्द मी कधी मोडला नाही. थोड्या दिवसांनी बाबा गेले.

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी मी आबांच्या दारात उभी राहते. "आबा, चला. प्रार्थनेची वेळ झाली." पाऊस असो, थंडी असो. त्यांचा हात धरून सगळ्या गल्लीतून आणते, हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं. ओट्यांवरच्या बाया म्हणतात, बाप गेला पण लेकीचं मन पाहा, ज्यानं एवढं केलं त्याले लेकीवानी सांभाळते. मास्तरांनी तर एकदा प्रार्थनेत माझं उदाहरण दिलं, क्षमा म्हणजे काय ते सांगताना. मी खाली मान घालून ऐकलं. दुरुस्त कशाला करायचं?

त्यांना मी पुरुषांच्या अगदी कडेला बसवते आणि बायांच्या कडेला मी बसते, त्यांचं तोंड दिसेल अशी. कबुलीची वेळ झाली की मी त्यांच्याकडं बघते. ते फरशीकडं बघतात. एक वाक्य बाकी आहे आणि ते आम्हा दोघांनाच माहीत आहे. ते वाक्य त्यांच्या घशात रोज वर येतं आणि रोज खाली जातं, मला दिसतं ते. मी स्वतः आता उभी राहत नाही. मास्तरांनी विचारलं, सुटलं का मनातलं? मी म्हणाले, ज्या दिवशी चूक वाटंल त्या दिवशी सांगीन.

परवा गेले तर आबा अंधारात खाटेवर बसले होते. सून चुलीशी होती. म्हणाले, "आज राहू दे वं पोरी. अंगात कणकण हाये."

"माहा बाप तापात यायचा."

"किती दिवस आणशीन अशी?"

मी सुनेकडं बघितलं, ती भाकरी थापण्यात होती. मी खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "पंपाचं राह्यलं, आबा. तेवढं बोला. उद्यापासून येत नाई मी."

त्यांचे डोळे भरले. "तुह्या बापानं बस म्हटलं होतं मले."

"बापानं म्हटलं," मी म्हणाले. "मी नाई म्हटलं."

ते भिंतीला हात लावून उठले आणि खाटेखाली पायानं चपला चाचपायला लागले.